कागदाचे भूत

"मुखपत्रासाठी काहीतरी लिहा," असे बालवर्गाच्या बाईंनी सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, मला काय लिहिता येणार? माझे शिक्षण दहावीपर्यंत, तेही अमळनेरकडच्या एका खेड्यात." त्यावर त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही मुलांकडून भुते करून घेतलीत ना, तेच लिहा." म्हणून हा प्रयत्न करते आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली आहे. आम्ही पर्वत पाटियाला राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरे आपली खानदेशातली, बाकीची गुजराती, राजस्थानी आणि उत्तरेकडची. त्यामुळे दिवाळी सगळ्यांची असली तरी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून उटणे लावून अभ्यंगस्नान करतो. गुजराती शेजाऱ्यांकडे त्याच तिथीची संध्याकाळ महत्त्वाची. त्यांची ती काळी चौदस. त्या संध्याकाळी बायका घरी वडे तळतात, चार रस्त्यावर नेऊन ठेवतात, भोवती पाण्याचे कुंडाळे करतात आणि मागे वळून न बघता घरी येतात. त्याला 'ककळाट काढणे' म्हणतात. सुरतेत वाढलेल्या प्रत्येक मुलाला मोठ्यांनी बजावलेले असते, की त्या दिवशी चौकात खाली बघून चाल, वड्यावर पाय देऊ नको.

त्या संध्याकाळी मी थोरलीला दुकानातून वाती आणायला पाठवले. पाच वर्षांचा धाकटाही तिच्या मागे पळाला. पळता पळता त्याचा डावा पाय नेमका एका वड्यावर पडला. कोणीतरी बाई ओरडल्या, "पाय पडला, पोराचा पाय पडला!" धाकटा जागच्या जागी उभा राहिला. थोरलीने त्याला ओढत घरी आणले.

घरी आल्यावर त्याने मोरीत जाऊन पाय धुतला. पुसला. परत धुतला. असे चार-पाच वेळा झाले. सासूबाईंनी विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?" तो काही बोलेना. रात्री त्याचे अंग तापले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून साधा ताप आहे म्हणून औषध दिले. दोन दिवसांत ताप उतरला, पण भीती उतरली नाही. अंधार पडला की तो मोरीकडे एकटा जाईना. झोपताना दिवा मालवू देईना. त्याचे पप्पा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात रात्रपाळीला जात. ते चप्पल घालू लागले की हा त्यांच्या पायाला मिठी मारी.

इथे मला माझी चूक कबूल करायची आहे. ही भीती त्या एका वड्याने आणलेली नव्हती. तो लहान असल्यापासून मीच त्याला "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल", "जेव, नाहीतर पोतेवाला नेईल" असे सांगत आले होते. घरी दोन मुले, सासूबाईंचे दुखणे आणि दिवसभर साड्यांना टिकल्या लावायचे काम. एका वाक्यात मूल गप्प होते म्हटल्यावर ते वाक्य तोंडी बसले. बागुलबुवाला घरात मीच आणून ठेवले होते. मग बोलावलेला पाहुणा आला म्हणून तक्रार कशी करायची?

भाऊबीज झाली. कारखाना दिवाळीनंतर बंद होता. थोरली मागच्या उतराणीचे फाटके पतंग कपाटावरून काढून काहीतरी कापत बसली होती. काळ्या कागदाचे तिने वटवाघूळ केले आणि धाकट्याच्या अंगावर फेकले. मी तिला रागावणार, तेवढ्यात पाहिले की धाकट्याने आधी डोळे मिटले, मग एक डोळा उघडला आणि वटवाघूळ बोटाने उलटे केले. मागे पतंगाची चिकटपट्टी दिसत होती. तो म्हणाला, "हा तर पतंग आहे."

ते ऐकून माझ्या मनात आले, की आपण याला भूतच करू द्यावे.

मी पांढरा फाटका पतंग घेतला. रद्दी कागदाचा लिंबाएवढा गोळा केला, त्यावर पतंगाचा कागद पांघरला आणि खाली दोऱ्याने गळा बांधला. मग स्केचपेन त्याच्या हातात दिले. म्हटले, "आता तू सांग, भूत कसे असते?"

"पांढरे."

"पाय?"

"उलटे."

"डोळे किती?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "माहीत नाही. मी पाहिले नाही."

"मग तुला हवे तेवढे काढ."

त्याने एक डोळा मोठा काढला, एक बारीक. नाक काढले नाही. तोंडे मात्र दोन काढली, शेजारी शेजारी. मी विचारले, "दोन तोंडे कशाला रे?" तो खाली बघून म्हणाला, "हे भांडते."

पालकहो, त्यानंतर तो जे बोलला ते लिहिताना आजही मला संकोच वाटतो. त्या दिवाळीत आमच्या घरी खरोखरच भांडण चालले होते. आमचे हे कामावर जातील तेवढेच पैसे. दिवाळीनंतर कारखाने पंधरा-वीस दिवस बंद राहतात, मजूर गावी जातात, आणि तेवढे दिवस कमाई नाही. त्यात फराळ, कपडे, गावी जायचे भाडे. आम्ही मुले झोपल्यावर बोलायचो, आणि आम्हाला वाटायचे ती झोपली आहेत. धाकटा जागा असायचा. कोणाकडून तरी त्याने ऐकले होते, की वड्यावर पाय दिला तर दुसऱ्याच्या घरची ककळाट आपल्या घरी येते. त्याने आपल्या परीने हिशेब केला होता. मी पाय दिला, म्हणून मम्मी-पप्पा भांडतात. इतके दिवस तो भुताला भीत नव्हता. आपल्या पायाने घरात आणलेल्या भांडणाला भीत होता. म्हणून तो पाय धूत होता.

मी त्याला जवळ घेतले. काय बोलावे सुचेना. शेवटी खरे तेच सांगितले. "आमचे भांडण तुझ्या पायाने आलेले नाही. ते पैशांचे आहे, आणि ते वड्याच्या आधीपासून आहे. ते मम्मी-पप्पांचे काम आहे, तुझे नाही." रात्री ह्यांनाही सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांनी ते दोन तोंडांचे भूत खिळ्याला टांगले आणि धाकट्याला म्हणाले, "आम्ही मोठ्याने बोललो, की तू याला हलवायचे." त्या आठवड्यात भूत दोनदा हलले. नंतर मात्र आम्हीच त्याच्याकडे बघून आवाज खाली आणू लागलो.

शेजारच्या बा सत्तरीच्या आहेत. मी त्यांना घाबरत घाबरतच विचारले, "बा, ककळाट म्हणजे नक्की काय हो?" त्या म्हणाल्या, "अगं, ककळाट म्हणजे घरातली कटकट. वर्षाची शेवटची चौदस, नव्या वर्षात भांडण बरोबर न्यायचे नाही, म्हणून बाहेर ठेवून यायची." मग धाकट्याला म्हणाल्या, "आणि ते वडे रात्री कुत्रे खाते. दर वर्षी खाते. ते तर चांगले जाडजूड आहे!" गल्लीतले ते काळे कुत्रे धाकट्याच्या ओळखीचे होते. त्याच्या मनातला उरलासुरला वडा त्या दिवशी गेला असावा.

त्यानंतर आमच्या घरी भुते करण्याचा नादच लागला. एका रात्री दिवे गेले तेव्हा मी टॉर्च लावला आणि टांगलेल्या भुताची सावली भिंतीवर पडली. छतापर्यंत मोठी! धाकटा दचकला. मी टॉर्च त्याच्या हातात दिला. टॉर्च भुताच्या जवळ नेला की सावली मोठी होते, टॉर्च मागे नेला की लहान होते, हे त्याने स्वतःच शोधून काढले. भूत तेवढेच, लिंबाएवढे. तो सावलीला म्हणू लागला, "मोठी हो, बारीक हो." ती त्याचे ऐकत होती. त्या रात्री तो टॉर्च घेऊन मोरीपर्यंत एकटा जाऊन आला.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुटीआधी बाईंनी मला बालवर्गात बोलावले. मुलांकडून कागदाची भुते, वटवाघळे आणि कोळ्याची जाळी करून घ्यायची ठरली. तेव्हा एका पालकांनी विचारले, "शाळेत भुतांची सजावट कशाला? हे परदेशातले खूळ आहे. आपण आकाशकंदील करू." त्यांचे म्हणणे मी टाकून देत नाही. ३१ ऑक्टोबर जवळ आला की दुकानांत प्लास्टिकचे मुखवटे दिसतात, आणि तो पैसा वाया जातो हे खरेच. पण म्हणून ही कल्पना परकी आहे असे मला वाटत नाही.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मुले आणि तरुण नरकासुराचे मोठमोठे पुतळे करतात. आत गवत, वर कागद, भले मोठे डोळे आणि दात. रात्रभर मिरवतात आणि पहाट व्हायच्या आत जाळतात. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. ही प्रथा १८८० च्या दशकापासूनची सांगतात. बांबू आणि कागदाच्या त्या पुतळ्यांपुढे लोक ओरडतात, की रोगराई, इडापिडा घेऊन जा. बरोबर बडगेही असतात आणि त्यांवर त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर टीका लिहिलेली असते. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी भागात बोहाडा होतो. त्यात कागदाच्या लगद्याचे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसे रात्रभर नाचतात. दिवसा ज्याला आपण काका म्हणतो, तोच रात्री राक्षस होऊन येतो, हे तिथली मुले लहानपणापासून बघतात.

बाहेरच्या देशांतही असेच आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लोक पूर्वी सलगम कोरून भयानक चेहऱ्याचे दिवे करत. ते लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळा मिळाला, मग भोपळ्याचे करू लागले. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्या आप्तांची आठवण करतात. तिथले कारागीर पातळ रंगीत कागदाच्या गठ्ठ्यावर छिन्नी चालवून एकदम कितीतरी तोरणे कापतात आणि त्यांत हसणारे सांगाडेही असतात. माणूस कुठलाही असो, ज्याची भीती वाटते त्याचा त्याने पुतळा केला, त्याला टांगले, हसला आणि शेवटी जाळला किंवा फाडला. आपल्या मुलांनी पतंगाच्या कागदातून तेच केले तर ते परके कसे?

असो. ज्यांना घरी करायचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सामान जवळपास फुकटच मिळते. फाटके पतंग, साडीच्या घडीत येणारा पुठ्ठा, यार्नच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या, पतंगाच्या काड्या आणि दोरा. नवा पतंगी कागद हवा असेल तर डबगरवाडात मिळतो.

भूत कसे करायचे ते वर आलेच आहे. ते नळीवर बसवले की उभे राहते. वटवाघळासाठी काळा कागद मधोमध दुमडावा. घडीच्या बाजूला अर्धे अंग आणि एक पंख काढावा. पंखाची खालची कड काढायला बांगडी ठेवून अर्धे अर्धे गोल ओढावेत. कापून उघडले की दोन्ही पंख सारखे. मुलांना याचे फार नवल वाटते. कोळ्याच्या जाळ्यासाठी चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून दुमडावा, आणि त्रिकोण झाला की परत दोनदा. मग एका बाजूने वाकड्या बारीक पट्ट्या कापून काढाव्यात, पण दुसऱ्या कडेला बोटभर कागद राहू द्यावा. जे टोक कागदाच्या मध्याचे आहे ते कापू नये, नाहीतर जाळ्याच्या मधोमध भोक पडते. कोळ्याचे पाय म्हणजे आठ पट्ट्या, पंख्यासारख्या घड्या घातलेल्या.

तीन-चार गोष्टी मात्र पाळाव्यात. कात्री बोथट टोकाची असावी. पतंगी कागद क्षणात पेटतो, म्हणून जवळ पणती किंवा मेणबत्ती ठेवू नये, टॉर्च किंवा बॅटरीचा दिवाच वापरावा. मांजा अजिबात घेऊ नये, साधा दोरा घ्यावा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे केलेले भूत अंधारात लपवून मुलाला दचकवू नये. एकदा दचकवले की सगळे शिकवलेले पाण्यात जाते.

वर्गात एक मुलगी मात्र भूत करायला तयार होईना. तोंड फिरवून बसली. बाई तिला आग्रह करणार होत्या, पण मी म्हटले, राहू द्या. तिला पुठ्ठ्याचे घुबड करायला दिले. घुबडालाही आपण अशुभ म्हणतो, पण ते शेतातले उंदीर खाते आणि लक्ष्मीचे वाहनही तेच. याच दिवाळीच्या दिवसांत काही लोक अंधश्रद्धेपायी घुबडांना पकडतात आणि मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. हे मी मुलांना सोप्या शब्दांत सांगितले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "म्हणजे घुबडच आपल्याला भीत असेल." तिने आपल्या घुबडाला हिरवे डोळे लावले आणि सगळ्या भुतांच्या वर टांगायला सांगितले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मनातले आणि समोरचे अजून नीट वेगळे करता येत नाही. त्यांना "भूत नसते, गप्प बस" म्हटले तर ती गप्प बसतात, पण भीती जात नाही. ती आत जाऊन बसते आणि तिथे काय काय हिशेब करते ते आपल्याला कळत नाही. कागद पुढे ठेवला, हात कामात गुंतले, की मूल खाली बघत बोलू लागते. आमच्या धाकट्याला मी समोर बसवून "तुला कशाची भीती वाटते?" असे दहा वेळा विचारले होते. उत्तर मिळाले ते दोन तोंडे काढताना. म्हणून पालकांना माझी एकच विनंती आहे. भुते करताना मुलाचे चित्र सुधारू नका, घाई करू नका, आणि ते काही बोलले तर हसण्यावारी नेऊ नका.

बागुलबुवाचे नाव मी आता घेत नाही. सवय जुनी आहे, कधी कधी ओठांवर येते. तेव्हा थोरलीच म्हणते, "मम्मी, बागुलबुवाला किती डोळे असतात?" मग मलाच हसू येते.

२०२४ च्या काळ्या चौदसच्या संध्याकाळी धाकटा माझ्याबरोबर चौकात आला. वडे होते, पाण्याची कुंडाळी होती. तो माझा हात धरून, खाली बघत, जपून बाजूने गेला. मी विचारले, "भीती वाटते का रे?" तो म्हणाला, "नाही. पण ते बांनी ठेवले आहे ना, मग त्यावर पाय कशाला द्यायचा?"

घरी आल्यावर आम्ही खिळ्यावरचे दोन तोंडांचे भूत काढले. वर्षभरात ते मळून पिवळे झाले होते. जाळायचे की फाडायचे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी धाकट्याने ते पाण्यात भिजत घातले. त्या लगद्यात आणखी रद्दी कुस्करून आम्ही वाटीवर एक मुखवटा केला. त्याला या वेळी तोंड एकच होते, आणि ते हसत होते. त्याच्या पप्पांनी तो त्याच खिळ्याला टांगला आणि रात्रपाळीला गेले. धाकटा दारापर्यंत पोचवायला गेला आणि परत येऊन, दिवा मालवून झोपला.